रांजणाखालची बाटली

आमच्याकडे भासऱ्यांशी बोलत नाहीत. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर पदर पुढे, मान खाली आणि तोंड बंद, ही आमच्या समाजाची रीत. माळव्यातून आमचे पूर्वज इकडे धानाच्या मुलखात आले तेव्हा गाड्यांवर काय काय लादून आणलं ते कोणाला ठाऊक नाही, पण ही रीत मात्र त्यांनी थेंबभर न सांडता आणली.

एका अंगणात चाळीस वर्षं राहायचं, एका विहिरीचं पाणी प्यायचं आणि बोलायचं नाही, हे जमतं कसं, असं तुम्ही विचाराल. जमतं. मधे कोणीतरी लागतं एवढंच. आधी माझे मालक होते, त्यांच्या खांद्यावरून आमचं बोलणं इकडून तिकडे जायचं. ते गेल्यावर म्हैस होती. भासरे गोठ्याच्या तोंडाशी उभे राहून म्हशीला सांगायचे, "उद्या धान रोवण्याले बाया लागतील, सांगून ठेव म्हणा." मी आतून म्हशीला म्हणायची, "सांगतल्या म्हणा." म्हैस रवंथ करत राहायची. पदरचं एक अक्षर घालायची नाही की गाळायची नाही. असा निरोप्या माणसांत मिळत नाही.

म्हैस म्हातारी झाली, गेली. मग डुकरीण आली.

आता ही कशी आली ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की चांगल्या शेतकरी घरातल्या बाईला हे काय सुचलं. आमच्या बचत गटाला प्रशिक्षणाचं पत्र आलं होतं. पत्रात 'पशुपालन' लिहिलं होतं. आम्ही समजलो शेळ्या. दहाजणी नवी लुगडी नेसून बसने गोंदियाला गेलो. तिथे साहेबांनी खिडक्या लावल्या, पडद्यावर चित्र टाकलं, तर ही मोठी पांढरी डुकरीण आडवी पडलेली! गटात कुजबुज सुरू झाली. एकीचं डोकं दुखायला लागलं, दुसरीची बस निघून जात होती, तिसरीला घरी पाहुणे आल्याचं आत्ताच आठवलं. मी बसून राहिले. धीट होते म्हणून नाही. माझा चष्मा नवा होता, पडद्यावरचं सगळं लख्ख दिसत होतं, आणि ती डुकरीण मला आवडली. तिच्या पोटाला पिलं अशी ओळीनं लागली होती, जशा धानाच्या बांधीत रोवणाऱ्या बाया.

शिवाय आमच्या भागात धानाच्या गिरण्या. कोंडा आणि कणी मागितली तर फुकटात गाडी भरून मिळते. तेवढ्यावर ती जगली असती. मालक गेलेले, म्हैस गेलेली, शेती भासरे पाहत होते, पोरी सासरी, पोरगा नागपूरला. तो दर फोनला म्हणायचा, "आई, आता इकडेच ये, इथे फ्लॅटमधे आरामात बसशील." आरामात बसायची मला भारी धास्ती होती. सकाळी उठून ज्याला खायला घालायचं असं एखादं तरी तोंड पाहिजे, नाहीतर उठायचं कशाला?

तर घरामागच्या बाडीतल्या माझ्या वाट्यात कोठा बांधला आणि पांढरी आणली. नाव वेगळं कशाला ठेवायचं, होतीच पांढरी. पापण्यासुद्धा पांढऱ्या.

भासरे त्या दिवशी विहिरीवर दोनदा आंघोळले. पुढेही पांढरीचा वारा लागला की आंघोळायचे, मग पौष असो की माघ. त्यांना पडसं व्हायला नको म्हणून मी कोठा वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधला होता, पण वाऱ्याला कोण सांगणार?

पण बघा, निरोप तर द्यावे लागतातच. म्हैस नव्हती. आठवडाभर त्यांनी कळ काढली. मग एक दिवस नाकाला उपरणं लावून कुंपणाशी आले आणि म्हणाले, "ए पांढरे, सांग तिले, मोटारीचं बटन बंद करायचं राहिलं."

मी म्हटलं, "पांढरे, सांग त्यायले, बंद केलं."

आणि आमच्या घरात डुकरिणीला मान्यता मिळाली. निदान टपालखात्यात तरी.

*

पांढरी माजावर आली तेव्हा अडचण उभी राहिली. तिच्या जातीचा नर जवळपास नव्हता. तो लांब एका फार्मवर, तिथून त्याचं वीर्य बाटलीत भरून रेल्वेनं गोंदियाला आणि गोंदियाहून बसनं कोहमाऱ्याच्या फाट्यावर यायचं. आमच्या जनावरांच्या दवाखान्यातला परिचर ते सायकलवर घेऊन यायचा. माणूस सालस, निवृत्तीला आलेला, आयुष्यभर गाई भरवलेला. मला वहिनी म्हणायचा. कार्तिकात त्यानं पांढरीला भरवली. एकवीस दिवसांनी ती उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, गाभ राहिला नाही. पुन्हा बाटली मागवली, पुन्हा भरवली. पुन्हा उलटली.

दुसऱ्यांदा उलटली त्या सकाळी भासरे कुंपणाशी आले. या खेपेला नाकाला उपरणं नव्हतं. बोलणं स्पष्ट ऐकू जावं म्हणून असेल.

"पांढरे, तुह्या मालकिणीले सांग. दोनदा उलटली. आता एक बार पाहू. तिसऱ्यांदा उलटली का कोठा मोडायचा. तू कोहमाऱ्याच्या ढाब्यावर, अन् थे मालकीण पोराकडे नागपूरले."

पांढरी कान हलवून ऐकत होती. स्वतःच्या मरणाचा निरोप, पण बिचारीनं इमानानं पोचवला.

मी म्हटलं, "पांढरे, सांग त्यायले, मंजूर."

का म्हटलं असं, ते अजून कळलं नाही. तोंडावर पदर असला की माणसाला फार धीर येतो.

*

त्याच दिवशी दुपारी परिचर आला तो धापा टाकतच. जिल्ह्याहून साहेबांचा फोन होता. डुकरं भरवायचं नवीन यंत्र आलं होतं, कॅमेऱ्याचं. लांब नळीच्या टोकाला बारका दिवा आणि बारका डोळा, आत घातली की आतलं सगळं पडद्यावर दिसतं. त्याचं प्रात्यक्षिक उद्याच करायचं होतं, आणि साऱ्या तालुक्यात माजावर आलेली पांढरी डुकरीण एकच होती. माझी.

"वहिनी, नशीब उघडलं तुमचं," तो म्हणाला. "आता अंधारात तीर नाई. पाहून भरवतील."

संध्याकाळच्या बसनं दोन बाटल्या आल्या. एक उद्याची, एक परवाची, कारण डुकरिणीला दोनदा भरवावं लागतं. आधीच्या खेपेला बाटल्या दवाखान्याच्या फ्रीजमधे ठेवायचे. नेमका त्याच दिवशी तो फ्रीज बंद पडला. परिचर म्हणाला, "वहिनी, घरच्या फ्रीजमधे ठेवा रातभर."

घरचा फ्रीज होता मोठ्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात. मी बाटल्या पदराआड धरून दारात उभी राहिले. त्यांनी ओळखलं.

"का होय थे?"

"औषध होय, बाई."

"कोणाचं औषध?"

मी बाटल्या पदरात आणखी आत सरकवल्या. त्यांनी फ्रीजला पाठ लावली. "दह्याच्या गंजाजवळ डुकराचं? सांगून ठेवते, थे इथं येईन तर मी माहेरी चालली."

जाऊबाईंच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं, पण धमकीला पत्ता लागत नाही. मी परत फिरले. अंगणात कडूलिंबाखाली आमचा मोठा रांजण आहे, अर्धा रेतीत पुरलेला. झिरपून झिरपून ती रेती बारा महिने ओली राहते. दुसरं काही सुचेना म्हणून बाटल्या फडक्यात गुंडाळल्या, रेतीत वीतभर खड्डा केला, आत ठेवल्या आणि वरून छपराचं कवेलू झाकलं. सोवळ्या घरानं बाहेर काढलेल्या वस्तूला रांजणानं जागा दिली, एवढंच.

*

सकाळी मांडव उभा राहिला. टेबलावर साहेबांनी जुनं आणि नवं शेजारीशेजारी मांडलं. जुनं म्हणजे दवाखान्याच्या कपाटातला सूक्ष्मदर्शक. आम्ही त्याला दुर्बीणच म्हणायचो. तिला झेंडूचा हार घातला होता, जसा निवृत्त होणाऱ्या मास्तरला घालतात. नवं म्हणजे कॅमेऱ्याची नळी आणि टीव्हीचा डबा.

मी रांजणाखालून एक बाटली काढून दिली. परिचर म्हणाला, एकच पुरे, दुसरी उद्याची. साहेबांनी बाटली हातात घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, ऐसे बाहर कैसे रखा? ठंडे में रखो!"

आणि त्यांनी ती स्वतःच्या हातानं बर्फाच्या पेटीत ठेवली. पेटीत पाहुण्यांसाठी शरबताच्या बाटल्या होत्या. पौषाची थंडी, आम्ही शाली पांघरून बसलेलो, पण मोठ्या माणसांना थंडच लागतं. मुख्य पाहुणे तीन तास उशिरा आले. तेवढा वेळ आमची बाटली बर्फात मानानं बसून होती.

पाहुणे येईपर्यंत साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, हे तर काहीच नाही. पुढे चांगल्या डुकरिणीचे गर्भच काढून घेतील, दुर्बिणीखाली एकेक पारखून निवडतील आणि दुसऱ्या डुकरिणीच्या पोटात ठेवतील. व्यायची दुसरी, पिलं पहिलीची. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "बाप्पा, मंग त्या पिलायची माय कोणती?"

साहेब म्हणाले, "शास्त्रानुसार पहिली."

म्हातारी म्हणाली, "पेतील कोणाले?"

"दुसरीला."

"मंग शास्त्राले सांगा, माय दुसरी होय." आणि तिनं तपकीर ओढली.

पाहुणे आले, हार झाले. पांढरीला चौकटीत उभी केली. तिनं एवढी माणसं जन्मात पाहिली नव्हती, तरी कणी चघळत उभी होती. साहेबांनी नळी आत घातली, डबा सुरू केला, सगळे पुढे सरकले. आणि पडद्यावर दिसलो ते आम्हीच. उन्हात पडदा आरशासारखा झाला होता. सरपंचानं त्यात बघून टोपी सरळ केली.

"अंधेरा चाहिए," साहेब म्हणाले.

अंधार कुठून आणायचा भरदुपारी? शेवटी मळणीची काळी ताडपत्री आणली आणि डब्यावर तंबूसारखी धरली. दोन-दोन, तीन-तीन माणसं वाकून आत जायची, पाहायची आणि तोंड लाल करून बाहेर यायची. ज्या गावात डुकराचं नाव घेतलं की लोक थुंकायचे, तिथे डुकरिणीचं पोट पाहायला रांग लागली. पुरुषांची एका बाजूनं, बायांची दुसऱ्या बाजूनं, अगदी रीतीनं.

भासरे आधी ओट्यावर होते. मग ओट्याखाली. मग लिंबाखाली. दर खेपेला पाहिलं तर पाचेक पावलं जवळ आलेले. माझा नंबर आला तेव्हा मी पदर सावरून ताडपत्रीखाली शिरले. काळोख, धानाच्या भुशाचा वास, समोर उजळलेला चौकोन. त्यात गुलाबी, ओलसर घड्या. पहाटेच्या कमळासारख्या. मला एकदम लाज वाटली. तिच्या घरात न विचारता शिरल्यासारखी.

शेजारून आवाज आला, "काई समजून नाई राहिलं. तुले दिसून राहिलं का?"

मी सहज म्हटलं, "थे पाहा, लाल गोल. आतलं दार होय थे."

"दार? अन् बाटली तिथून जाईन?"

"तिथूनच."

मग दोघांनाही एकदमच कळलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी भासऱ्यांशी बोलले होते, तेही एका ताडपत्रीखाली, एका डुकरिणीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी. ते उलट्या पावलांनी ताडपत्रीच्या एका बाजूनं निघाले, मी दुसऱ्या. बाहेर उजेडात डोळे दिपलेले असतानाच कोणीतरी त्यांच्या हातात कॅमेऱ्याची नळी दिली आणि वार्ताहरानं फोटो काढला. साहेब एकीकडे, पाहुणे एकीकडे, मधे भासरे. मागे पांढरीचा पार्श्वभाग.

*

साहेबांनी बर्फातली बाटली नळीतून पांढरीत रिकामी केली, पाहुणे गेले, जीपगाड्या गेल्या. परिचर टेबल आवरत होता. दुर्बिणीचा हार काढून त्यानं पांढरीला खायला घातला.

मी विचारलं, "हे आणली कायले मंग?"

"शोभेले," तो म्हणाला. मग स्वतःच थांबला. "पाहू का, वहिनी? हातात आहे तर."

दुर्बिणीखाली एक गोल आरसा होता. त्यानं तो फिरवून सूर्य पकडला. काचेची पट्टी मुठीत धरून ऊब दिली आणि साहेबांनी भरवलेल्या बाटलीच्या तळाचा थेंब तिच्यावर ठेवला. बराच वेळ पाहत राहिला. मग मला म्हणाला, "तुम्ही पाहा."

मी चष्मा काढून डोळा लावला. आत निपचित होतं सगळं. पाण्यात सांडलेल्या कोंड्यासारखं. एक कण हलेना.

"असंच दिसते का?"

त्यानं रांजणाकडे पाहिलं. मी कवेलू बाजूला करून दुसरी बाटली काढली. तिचा थेंब त्यानं ठेवला, डोळा लावला, आणि म्हणाला, "अरे बाप्पा!"

मी पाहिलं. नवेगावच्या बांधाच्या तळ्यात जाळं ओढत आणलं की बारीक मासळी कशी उसळते, तसं. धावपळ, गर्दी, जो तो पुढे. एवढीशी काच आणि तिच्यात ही जत्रा. एवढं जिवंत मी काही पाहिलं नव्हतं, आणि मी तीन पोरं वाढवली आहेत.

परिचरानं सायकलला अडकवलेल्या लशीच्या डब्यातून तापमानाची नळी आणली आणि रेतीत खुपसली. थोड्या वेळानं काढून वाचली.

"सतरा," तो म्हणाला. आणि खालीच बसला. "वहिनी, प्रशिक्षणात सतराच सांगतलं होतं. डुकराचं बर्फात मरते म्हणे. आमच्या डोक्यात गाय बसली आहे ना. गाईचं जितकं थंड तितकं चांगलं, त्याच्या टाकीतून धूर निघते. आमचा फ्रीज चारवर होता. दोन्ही खेपेले मेलेलंच भरवलं मी."

पांढरी दोनदा उलटली यात तिचा दोष नव्हताच. तिला कोणी काही दिलंच नव्हतं. आणि सोवळं पाळून जाऊबाईंनी फ्रीज अडवला नसता तर तिसऱ्यांदाही मेलेलंच गेलं असतं. आमच्या गावात विटाळानं पुष्कळांचं वाटोळं केलं. कोणाचं भलं केल्याचं एवढं एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

उद्याची वाट पाहिली नाही. ऊन उतरायच्या आत त्यानं साध्या नळीनं, साध्या हातानं पांढरीला भरवली. मी तिच्या पाठीवर भार टाकून उभी होते. माजावरची डुकरीण असा भार आला की खांबासारखी थांबते. ना दिवा, ना पडदा. पांढरीनं एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा कणीत तोंड घातलं.

"हे सायबाले सांगू नका," परिचर म्हणाला. "माह्या नोकरीची दोन वर्षं राहिली."

मी कोणाला सांगणार? ज्यांना सांगायला पाहिजे त्यांच्याशी मी बोलत नव्हते.

*

तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. भासऱ्यांनी तो कापून घेतला. कोहमाऱ्याच्या फाट्यावर, सोसायटीत, लग्नकार्यात, खिशातून निघू लागला. पाहुणे विचारायचे, हे मागे काय आहे हो? ते म्हणायचे, "आमची डुकरीण." आमची! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं.

पण मंजूर ते मंजूर होतं. एकविसाव्या दिवशी पहाटे उजाडताच मी कोठ्यात गेले. पांढरी झोपलेली. पाठीवर भार टाकला तर खेकसून उठली आणि पळाली. उलटली नव्हती. वर पाहिलं तर कुंपणाशी भासरे उभे. तेही दिवस मोजत होते तर!

"पांढरे," ते म्हणाले, "सांग तिले, कॅमेऱ्याचा गुण होय."

मी पांढरीला काहीच सांगितलं नाही.

वैशाखात ती व्याली. अकरा पिलं. गावानं त्यांना कॅमेऱ्याची पिलं म्हटलं. कॅमेरा स्वतः त्यानंतर कुठे गेला कोणी पाहिला नाही. कपाटात असेल, हाराची वाट पाहत. कोठा मोडायचा विषय निघालाच नाही. खिशात डुकरिणीचा फोटो ठेवणारा माणूस कोठा कसा मोडेल?

खरी पंचाईत पुढे झाली. पुढच्या थंडीत पांढरीसाठी बाटली आली तेव्हा भासऱ्यांनी जाऊबाईंना हुकूम सोडला, "फ्रीजमधे जागा कर." आता ती साधीसुधी बाटली नव्हती, पेपरात आलेल्या घरची बाटली होती. जाऊबाईंनी तोंड वाकडं करून दह्याचा गंज खालच्या फळीवर ठेवला आणि वरची फळी धुऊन बाटलीला दिली. मानाचं असं असतं, मिळाला की मारतो.

मग मी काय केलं? जुन्या रिकाम्या बाटलीत भाताची पेज भरली, बूच लावलं आणि ती फ्रीजमधे ठेवली. खरी बाटली रांजणाखाली. भासरे दिवसातून चारदा फ्रीज उघडून पेजेची विचारपूस करायचे. पाहुण्यांनाही दाखवायचे. पांढरी पुन्हा व्याली, दहा. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. फ्रीजमधे पेज, रेतीत बाटली. मला वाटायचं, मी फार हुशार.

त्यानंतरच्या पौषात एकदा बाटली आली आणि मी नेहमीसारखी दोन्ही कामं उरकून कोठ्यात कोंडा कालवत बसले होते. त्या साली पाऊस कमी झाला होता, विहीर पौषातच आटल्यासारखी झाली होती, रांजण दोन दिवस भरलेला नव्हता. भासरे कुंपणाशी आले. आता काठी टेकत येत. त्यांनी लिंबाकडे पाहिलं.

"पांढरे," ते म्हणाले, "सांग तिले, रांजणाखालची रेती सुकून राहिली."

माझा हात कोंड्यातच राहिला. किती वर्षांपासून ठाऊक होतं यांना? पहिल्या दिवसापासून? मग फ्रीजमधली पेज कोणासाठी पाहत होते?

विचारता आलं असतं. ताडपत्रीखाली एकदा बोललोच होतो. पण रीत ती रीत.

"पांढरे," मी म्हटलं, "सांग त्यायले, आता ओली करते."